सुपर फाल्कन्स : इनाम मिळाले, वेतन थकले

१/
महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाची १९९१ ते २०२३ या काळात नऊ पर्वे झाली. या प्रत्येक पर्वात खेळलेले देश जगात केवळ सात आहेत. अमेरिका, जर्मनी, नॉर्वे, स्वीडन, जपान आणि ब्राझील ही त्यांतील सहा नावे कोणालाही सहज सुचतील. सातवे नाव नायजेरियाचे आहे. त्याच देशाचा पुरुष संघ २००६ आणि २०२२ च्या विश्वचषकाला मुकला. महिला संघ एकदाही मुकला नाही. शिवाय आफ्रिकेच्या महिला अजिंक्यपदाची स्पर्धा या संघाने दहा वेळा जिंकली आहे.

२/
याच संघाच्या खेळाडूंना ठरलेले पैसे मिळावेत म्हणून हॉटेलच्या खोल्या अडवून बसावे लागले, राजधानीच्या रस्त्यावर फलक घेऊन उतरावे लागले, सरावावर बहिष्कार टाकावा लागला. हा प्रकार एकदा घडला असता तर त्याला अपघात म्हणता आले असते. तो वीस वर्षांत पुन्हा पुन्हा घडला, आणि बहुतेक वेळा मोठ्या यशाच्या पाठोपाठ घडला. हा धागा या विसंगतीच्या मुळाचा शोध घेणारा आहे.

३/
नायजेरियातील फुटबॉलची पहिली मोठी नोंद १९०४ ची. आग्नेयेकडील कालाबार बंदरातील होप वॉडेल या मिशनरी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एका ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांशी सामना खेळला. पुढे हा खेळ मिशनरी शाळा, रेल्वे, बंदरे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या वाटेने देशभर पसरला. या चारही ठिकाणी वावर मुलग्यांचा आणि पुरुषांचा होता. मुलींच्या शाळांत भर शिवणकाम आणि गृहकृत्यांवर असे. त्यामुळे फुटबॉल हा ‘मुलांचा खेळ’ ठरण्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. शाळेच्या वेळापत्रकानेच ते काम केले.

४/
ज्या इंग्लंडकडून हा खेळ आला, तेथे मात्र कायदा झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील स्त्री-कामगारांचे संघ हजारोंच्या गर्दीपुढे खेळत होते. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य-क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. वसाहतींत फुटबॉलची घडी बसली ती नेमक्या याच अर्धशतकात. नियम, चषक आणि समित्या यांच्यासोबत हा खेळ कोणाचा, याविषयीची समजूतही समुद्रापलीकडे पोहोचली.

५/
नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीने फुटबॉल चटकन आपलासा केला. पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या न्नामदी अझिकिवे यांनी १९३८ मध्ये लागोस येथे ‘झिक्स ॲथलेटिक क्लब’ उभारला. १९४९ मध्ये निवडक खेळाडूंचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला; त्यातील बहुतेक जण अनवाणी खेळले. १९६० मध्ये स्वातंत्र्य आले, १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचे यादवी युद्ध झाले, आणि युद्धानंतर फुटबॉलकडे राष्ट्र जोडणारा धागा म्हणून पाहिले जाऊ लागले. या साऱ्या अधिकृत कथनात स्त्रिया दिसतात त्या प्रेक्षक म्हणून.

६/
बदल सुरू झाला तो सरकारबाहेर. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशाने लागोस फुगले, शहरात मनोरंजनाची नवी बाजारपेठ तयार झाली. १९७८ मध्ये तेथे ‘शुगर बेब्ज’ हा महिलांचा क्लब निघाला. पुढच्या दशकात प्रिन्सेस बोला जेगेडे यांच्या ‘जेगेडे बेब्ज’सारखे संघ पुढे आले. या संघांच्या नावांकडेही लक्ष द्यायला हवे. ‘बेब्ज’, ‘एंजल्स’ ही नावे स्पर्धेपेक्षा करमणुकीच्या जगातील वाटतात. प्रेक्षक आधी गंमत म्हणून येत. खेळ पाहून त्यांचे मत बदलत असे.

७/
हे क्लब धनिकांच्या खिशातून चालत. जेवण, बूट, प्रवास, राहण्याची सोय हे सारे मालक पाही. १९८६ मध्ये नायजेरियाने आर्थिक पुनर्रचनेचा कठोर कार्यक्रम स्वीकारला, नायरा हे चलन घसरले आणि सरकारी खर्चाला कात्री लागली. अशा दिवसांत महिला फुटबॉल तगले ते या खासगी आश्रयामुळे, हे त्या आश्रयाचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र आश्रयाचा एक स्वभाव असतो. आश्रित खुश असतो तोवर सारे ठीक चालते. हिशेब मागण्याची वेळ आली की हाती कागद नसतो. ही सवय पुढे राष्ट्रीय संघातही उतरली.

८/
दरम्यान बाहेरचे जग हलू लागले होते. १९८६ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या एलेन विले यांनी व्यासपीठावरून महिलांच्या विश्वचषकाची मागणी केली. १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात बारा संघांची चाचणी स्पर्धा झाली. तीत आफ्रिकेतर्फे खेळला तो आयव्हरी कोस्ट, नायजेरिया नव्हे. ती स्पर्धा यशस्वी झाली आणि पहिला विश्वचषक १९९१ साठी ठरला. आता प्रत्येक खंडाला आपला प्रतिनिधी निवडायचा होता, म्हणजे राष्ट्रीय संघ उभा करणे भाग होते.

९/
१६ फेब्रुवारी १९९१. नायजेरियाच्या महिला संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि घानाला ५-१ असे हरवले. आफ्रिकेतील अनेक देशांनी या पात्रता फेरीत नावे देऊन माघार घेतली होती. कोणाकडे संघ नव्हता, कोणाकडे प्रवासाचा पैसा नव्हता. नायजेरियाकडे मात्र दहा-बारा वर्षे क्लबांत घडलेल्या मुली तयार होत्या. घानानंतर गिनी आणि अंतिम लढतीत कॅमेरून यांना नमवून संघ चीनला निघाला. कॅमेरूनविरुद्धच्या दोन सामन्यांची एकत्रित गोलसंख्या ६-० होती. महासंघाने संघ बांधला असे म्हणण्यापेक्षा, क्लबांनी बांधून ठेवलेला संघ महासंघाने उचलला असे म्हणणे अधिक अचूक होईल.

१०/
नोव्हेंबर १९९१ मधील त्या पहिल्या विश्वचषकात सामना ८० मिनिटांचाच असे. संघाची धुरा जो बॉनफ्रेर या डच प्रशिक्षकाकडे होती; हेच बॉनफ्रेर पुढे १९९६ मध्ये नायजेरियाच्या पुरुष संघाला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणार होते. जर्मनीकडून ०-४, इटलीकडून ०-१ आणि चायनीज तैपेईकडून ०-२ अशा तिन्ही लढती हरून, एकही गोल न करता नायजेरिया परतला. त्या संघात न्किरू ओकोसिएमे, फ्लॉरेन्स ओमाग्बेमी, युकेरिया उचे या मुली होत्या. पुढच्या दोन दशकांचा इतिहास त्यांच्याच नावांनी लिहिला गेला.

११/
१९९५ मध्ये स्वीडनमधील दुसऱ्या विश्वचषकात सुरुवात भयंकर झाली. नॉर्वेने ८-० असा धुव्वा उडवला, आणि पुढे तोच संघ जगज्जेता ठरला. मात्र पुढच्याच सामन्यात नायजेरियाने कॅनडाला ३-३ असे रोखून विश्वचषकातील आपला पहिला गुण मिळवला, आणि इंग्लंडविरुद्ध २-३ अशी निसटती हार पत्करली. एका आठवड्याच्या आत झालेली ही सुधारणा बोलकी होती. मुलींमध्ये कौशल्य होते. कमतरता होती ती युरोपीय संघांशी खेळण्याच्या अनुभवाची. तो अनुभव मिळण्यासाठी सरावसामने लागतात, आणि सरावसामन्यांना पैसा लागतो.

१२/
देशातील परिस्थितीही सोपी नव्हती. १९९३ मध्ये लष्करी राजवटीने सार्वत्रिक निवडणूक रद्द ठरवली, पाठोपाठ सानी अबाचा यांची हुकूमशाही आली. जून १९९८ मध्ये अबाचा यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेची पहिली यजमान देश असलेली महिला अजिंक्यपद स्पर्धा नायजेरियात भरली. तोपर्यंत या लढती यजमान आणि पाहुणे यांच्या मैदानांवर आलटून-पालटून होत. अबेओकुटा येथील अंतिम सामन्यात नायजेरियाने घानाला २-० असे हरवले. दहा अजिंक्यपदांची मोजणी येथून सुरू होते.

१३/
२९ मे १९९९ रोजी नायजेरियात लोकनियुक्त सरकार परतले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी अमेरिकेत तिसरा महिला विश्वचषक सुरू झाला. प्रशिक्षक इस्माइला माबो यांच्या संघाने उत्तर कोरियाला २-१ असे नमवले. महिला विश्वचषकात आफ्रिकेच्या कोणत्याही देशाचा हा पहिला विजय. शिकागोत ६५ हजारांच्या गर्दीपुढे नायजेरियाने दुसऱ्याच मिनिटाला यजमान अमेरिकेवर गोल केला. स्टेडियम क्षणभर स्तब्ध झाले आणि मग अमेरिकेने सात गोल चढवले. खचून न जाता संघाने डेन्मार्कला २-० असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. याच स्पर्धेत इफियानी चिजिने ही वयाच्या सोळाव्या वर्षी खेळली. विश्वचषकातील सर्वांत लहान खेळाडूचा तिचा विक्रम २०२३ पर्यंत अबाधित होता.

१४/
उपांत्यपूर्व फेरीत गाठ ब्राझीलशी होती. मध्यंतराला ब्राझील ३-० ने पुढे. बहुतेकांच्या लेखी सामना संपला होता. उत्तरार्धात नायजेरियाने एक, दोन, तीन असे सारे गोल फेडले. बरोबरी साधणारा गोल ८५ व्या मिनिटाला आला. अतिरिक्त वेळेत त्या काळचा ‘सुवर्ण गोल’ नियम लागू होता, म्हणजे जो आधी गोल करील तो जिंकेल. १०४ व्या मिनिटाला ब्राझीलच्या सिसीच्या फ्री-किकने निकाल लावला, ४-३. पुढच्या सहा विश्वचषकांत आफ्रिकेचा एकही महिला संघ पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला नाही. त्या उन्हाळ्यात जे दार उघडल्यासारखे वाटले, ते तसेच किलकिले राहिले.

१५/
खंडात मात्र दबदबा वाढत गेला. २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वोस्लूरस येथे यजमानांविरुद्ध अंतिम सामना होता. नायजेरिया २-० ने पुढे असताना संतप्त प्रेक्षकांनी वस्तू फेकायला सुरुवात केली, खेळ थांबवावा लागला आणि अजिंक्यपद नायजेरियाकडे गेले. २००१ मध्ये आफ्रिकी महासंघाने सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार सुरू केला; पहिली मानकरी मर्सी अकिडे. त्याच सुमारास अकिडे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळू लागल्या. फुटबॉल हे पोट भरण्याचे साधन होऊ शकते, याचा असा ठळक दाखला नायजेरियातील मुलींपुढे पहिल्यांदाच उभा राहिला.

१६/
२००४ हे वर्ष या इतिहासाची दोन्ही अंगे एकत्र दाखवते. अथेन्स ऑलिंपिकमध्ये नायजेरियाने जपानला १-० असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे जगज्जेत्या जर्मनीकडून १-२ अशी हार झाली. काही आठवड्यांनी दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कॅमेरूनचा ५-० असा फडशा पडला; त्यातील चार गोल एकट्या परपेचुआ न्क्वोचाचे होते. आणि मग विजेत्यांनी परतायला नकार दिला. ठरलेला बोनस हाती पडेपर्यंत हॉटेल सोडणार नाही, असे त्यांनी महासंघाला कळवले. चषक जिंकलेला संघ तीन दिवस परदेशातील हॉटेलात अडून बसला.

१७/
या मागणीचे स्वरूप नीट समजून घ्यायला हवे. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूला प्रत्येक सामन्याचा बोनस आणि शिबिरातील दिवसांचा भत्ता कबूल केलेला असतो. युरोपात खेळणाऱ्या पुरुष खेळाडूसाठी ही रक्कम क्लबच्या पगारापुढे किरकोळ असते. पुरुष संघानेही थकबाकीवरून बंड केले आहे. २०१४ च्या विश्वचषकात त्यांनी सरावाला दांडी मारली होती. पण नायजेरियातील स्थानिक लीगमध्ये खेळणाऱ्या मुलीसाठी हा बोनस म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा असतो. त्यातून घरभाडे, भावंडांची फी, आईवडिलांचे औषधपाणी चालते. तो थकला की घर थकते.

१८/
स्थानिक लीगचा कणाही दरम्यान बदलला होता. खासगी मालकांचे क्लब मागे पडले आणि राज्य सरकारांच्या आश्रयावरील संघ पुढे आले. कालाबारचा पेलिकन स्टार्स, तसेच डेल्टा क्वीन्स, बायेल्सा क्वीन्स, रिव्हर्स एंजल्स ही त्यांची उदाहरणे. होप वॉडेलच्या विद्यार्थ्यांनी जेथे चेंडू लाथाडला होता, त्याच कालाबारमधून आता राष्ट्रीय संघात मुली जात होत्या. पण राज्याचा पैसा राज्यपालाच्या मर्जीवर आणि तेलाच्या भावावर हेलकावे खातो. आश्रयदाता बदलला, आश्रयाची रीत तीच राहिली.

१९/
तरीही प्रतिभेचा झरा आटला नाही. २०१० आणि २०१४ या दोन्ही वर्षी नायजेरियाच्या २० वर्षांखालील मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचल्या. २०१४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल हे दोन्ही किताब असिसात ओशोआला हिने पटकावले. लागोसजवळील इकोरोडूची ही मुलगी घरच्यांचा विरोध पत्करून खेळात आली होती. लिव्हरपूल, आर्सेनल आणि चीनमधील क्लब असा प्रवास करत ती बार्सिलोनात गेली आणि २०२१ मध्ये महिलांची चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या संघात होती. आफ्रिकेची सर्वोत्तम महिला खेळाडू हा सन्मान तिला सहा वेळा मिळाला.

२०/
३ डिसेंबर २०१६. याउंडे येथे यजमान कॅमेरूनला १-० असे हरवून नायजेरियाने पुन्हा आफ्रिकी अजिंक्यपद जिंकले. प्रशिक्षक होत्या १९९१ च्या संघातील फ्लॉरेन्स ओमाग्बेमी. संघ राजधानी अबुजात परतला आणि हॉटेलातून हललाच नाही. प्रत्येकीचे सुमारे २३,६५० डॉलर थकल्याचे खेळाडूंचे म्हणणे होते. देशात मंदी आहे, तिजोरीत पैसा नाही, असे महासंघ सांगत होता. संघ जिंकेल असे गृहीत धरलेले नव्हते, त्यामुळे तशी तरतूद नव्हती, अशा आशयाचे स्पष्टीकरण क्रीडामंत्र्यांकडून आले. खंडातील बहुतेक अजिंक्यपदे आजवर जिंकणाऱ्या संघाविषयी हे बोलले जात होते.

२१/
१४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष अर्थसंकल्प मांडायला संसदेत येणार होते. खेळाडूंनी तोच मुहूर्त साधला आणि फलक घेऊन त्या संसदेकडे चालत गेल्या. दिवसांच्या आत पैसे देण्याचे आश्वासन मिळाले आणि रक्कम चुकती झाली. पैसा नव्हता, हे मग पूर्ण खरे मानता येत नाही. तो कोणाच्या शब्दाने सुटतो, हा प्रश्न होता. त्यानंतर सुमारे सव्वा वर्ष संघ मैदानावर जवळजवळ दिसलाच नाही, आणि एप्रिल २०१८ मध्ये फ्रान्सविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ०-८ असा पराभव वाट्याला आला. त्या निकालाचे मूळ मैदानापेक्षा त्या रिकाम्या महिन्यांत शोधावे लागते.

२२/
२०१९ च्या विश्वचषकात जर्मनीकडून हरल्यावर फ्रान्समधील हॉटेलातही तेच घडले. जुने बोनस आणि भत्ते मिळेपर्यंत खेळाडू बसून राहिल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने आपल्या महासंघाविरुद्ध पुरुषांइतक्या वेतनासाठी न्यायालयात दावा लावला होता. २०२२ मध्ये तो २ कोटी ४० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. दोन्ही लढे न्याय्य होते, पण त्यांच्या पायऱ्या वेगळ्या होत्या. अमेरिकेच्या खेळाडू समान वेतन मागत होत्या. नायजेरियाच्या खेळाडू ठरलेले वेतन मागत होत्या.

२३/
या काळात शेजारी जागे झाले. दक्षिण आफ्रिकेच्या महिला संघाला २००९ पासून एका मोठ्या उद्योगाचे प्रायोजकत्व सातत्याने मिळत होते. मोरोक्कोने महिलांची लीग व्यावसायिक केली. २०१८ चा आफ्रिकी अंतिम सामना नायजेरियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जिंकला, पण तो पेनल्टी शूटआउटवर. २०२२ मध्ये उपांत्य फेरीत मोरोक्कोने शूटआउटमध्येच नायजेरियाला बाहेर काढले आणि चषक दक्षिण आफ्रिकेने उचलला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याआधी नायजेरियाच्या खेळाडूंनी थकबाकीसाठी सरावावर बहिष्कार टाकला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकी महिला चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या चार पर्वांत एकही नायजेरियन क्लब विजेता ठरला नाही. राष्ट्रीय संघाच्या झगमगाटाखाली क्लबांची हलाखी झाकली गेली होती, ती येथे उघडी पडली.

२४/
या इतिहासाचे एक पान महाराष्ट्र आणि गोव्यातही लिहिले गेले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजेरियाच्या मुलींनी उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवले. मडगावच्या फातोर्डा मैदानावर कोलंबियाविरुद्धची उपांत्य लढत त्या शूटआउटमध्येच गमावून बसल्या. ३० ऑक्टोबरला पुन्हा नवी मुंबईत त्या जर्मनीविरुद्ध ३-० ने पुढे होत्या. जर्मनीने ३-३ अशी बरोबरी साधली. शेवटी शूटआउट जिंकून नायजेरियाने कांस्यपदक मिळवले. त्या वयोगटातील देशाचे हे पहिलेच पदक. ते स्वीकारणाऱ्या मुलींपुढे वरिष्ठ संघाचा कीर्तिमान होता आणि वरिष्ठ संघाची थकबाकीही.

२५/
२०२३ च्या विश्वचषकाआधी प्रशिक्षक रँडी वॉलड्रम यांनीच महासंघाच्या कारभारावर जाहीर टीका केली. मैदानावर संघाने ऑलिंपिक विजेत्या कॅनडाला गोलशून्य रोखले. गोलरक्षक चियामाका न्नाडोझीने क्रिस्टीन सिंक्लेअरची पेनल्टी अडवली. यजमान ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. बाद फेरीत युरोपविजेत्या इंग्लंडला १२० मिनिटे गोल करू दिला नाही आणि मग शूटआउटमध्ये हार पत्करली. संघात चाळिशीतील ओनोमे एबी होती, सहा विश्वचषकांच्या संघांत स्थान मिळवणारी पहिली आफ्रिकी खेळाडू. स्पर्धा संपताच खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, फिफप्रोने, जाहीर केले की नायजेरियाच्या महासंघाकडील २०२१ पासूनच्या काही थकबाकीसाठी आपण या खेळाडूंच्या बाजूने उभे आहोत.

२६/
याच विश्वचषकात एक नवी गोष्ट घडली. फिफाने प्रथमच प्रत्येक खेळाडूसाठी स्वतंत्र रक्कम ठरवली. साखळी फेरीपर्यंत खेळणाऱ्या खेळाडूला ३० हजार डॉलर, बाद फेरी गाठणाऱ्या खेळाडूला ६० हजार. एकूण बक्षीस निधी २०१९ च्या ३ कोटींवरून ११ कोटी डॉलरवर गेला. रक्कम किती, यापेक्षा ती खेळाडूच्या नावे आधीच लिहिलेली होती, हे महत्त्वाचे. १९७८ पासूनच्या या प्रवासात असा कागद फार क्वचित दिसतो.

२७/
२०२४ ची आफ्रिकी स्पर्धा लांबून जुलै २०२५ मध्ये मोरोक्कोत झाली. २६ जुलैला रबातच्या अंतिम सामन्यात यजमान मोरोक्को २४ व्या मिनिटालाच २-० ने पुढे होता. उत्तरार्धात नायजेरियाने तीन गोल केले. विजयी गोल ८८ व्या मिनिटाला जेनिफर एचेगिनीचा. १९९९ मध्ये ब्राझीलविरुद्ध जे थोडक्यात हुकले, ते २६ वर्षांनी या पिढीने साधले. कर्णधार रशिदात अजिबाडे स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. हे दहावे अजिंक्यपद. विजेत्या संघासाठी १० लाख डॉलरचे बक्षीस होते. त्याआधीच्या वर्षी पुरुषांच्या आफ्रिकी विजेत्यांना ७० लाख डॉलर मिळाले होते.

२८/
अबुजात राष्ट्राध्यक्षांनी संघाचे स्वागत केले आणि प्रत्येक खेळाडूला १ लाख डॉलरच्या मोलाची रक्कम, तीन शयनकक्षांची सदनिका आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. खेळाडूंच्या वाट्याला हे आले याचा आनंदच मानायला हवा. त्यांनी ते शतपट कमावले होते. मात्र मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक इनाम आणि वेतन यांतील फरक जाणतो. इनाम धन्याच्या प्रसन्नतेतून येते, ते पराक्रमाच्या दिवशी मिळते आणि त्याचा सोहळा होतो. वेतन ठरलेल्या तारखेला येते, हरल्यावरही येते, आणि त्याची कोणी बातमी करत नाही.

२९/
नायजेरियाच्या महिला फुटबॉलची वाढ या फरकाच्या कसोटीवर पाहिली तर तिचे खरे रूप दिसते. क्लबमालक, राज्यपाल, महासंघ, राष्ट्राध्यक्ष असे आश्रयदाते बदलत गेले. खेळाडूंच्या किमान तीन पिढ्यांनी जिंकणे थांबवले नाही, आणि जिंकल्यामुळेच त्यांचे मागणे ऐकले गेले. २०१६ मध्ये संसदेकडे चालत गेलेल्या खेळाडूंच्या मागे विजेतेपद होते. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या एखाद्या संघाला तेवढेही बळ लाभले नसते. चषकांची यादी हा या संघाचा अर्धा इतिहास आहे. उरलेला अर्धा त्या मुलींचा आहे ज्या हरल्या, जायबंदी झाल्या, वय सरल्यावर गावी परतल्या, आणि ज्यांच्या नावे कोणतेही इनाम निघाले नाही.

३०/
पुढच्या विश्वचषकात सुपर फाल्कन्स उतरतील तेव्हा धावफलक सारे जग पाहील. त्यांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट पाहावी : स्पर्धा संपल्यावर, निकाल काहीही लागो, संघ हॉटेलातून ठरलेल्या दिवशी बाहेर पडतो का.